सोलापुरातील उद्यानांत मेटल डिटेक्टर नेण्यापूर्वी: जमीन, परवानगी आणि सापडलेल्या वस्तूचे काय करायचे

मेटल डिटेक्टर विकत घ्यायला मला एक दिवस लागला. तो सार्वजनिक जागेवर राजरोसपणे वापरता यावा यासाठी जवळपास सात महिने लागले. त्यातले निम्मे महिने तर नेमके कोणाला विचारायचे हेच न कळल्यामुळे गेले. परदेशी चित्रफितींमध्ये माणसे हेडफोन लावून बागेत निवांत खणताना दिसतात, आणि ते पाहून आपल्याकडेही असेच चालत असेल असे वाटू लागते. आपल्याकडे तसे चालत नाही. जमीन कोणाची, खणण्याची मुभा कोण देऊ शकते आणि मातीतून निघालेली वस्तू कोणाच्या मालकीची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत, आणि ती माहीत नसणे हा बचाव ठरत नाही.

माझी सुरुवात चुकीची झाली होती. एका रविवारी पहाटे साडेपाचला मी शहरातील एका उद्यानात यंत्र आणि खुरपे घेऊन गेलो. कोणी नसेल तेव्हा गेले म्हणजे कोणाला त्रास होणार नाही, असा माझा हिशेब होता. तासाभरात फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली, कोणीतरी "गुप्तधन काढतोय" असे म्हणाले, आणि पाहता पाहता माझ्याभोवती पंचवीसएक माणसे जमली. रखवालदाराने पोलिसांना बोलावले. मी खणलेले तीन खड्डे उघडेच होते, हातात परवानगीचा कागद नव्हता आणि पिशवीत दोन गंजलेले खिळे व शीतपेयाच्या बाटलीचे झाकण होते. नाव-पत्ता लिहून घेऊन आणि समज देऊन मला दुपारी सोडले. त्यांनी केले ते योग्यच होते. तो प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून पुढच्या पायऱ्या लिहीत आहे.

१. आधी जमिनीचा मालक शोधा

"बाग सरकारी आहे" एवढ्यावर थांबू नका. सोलापुरात एकाच रस्त्यावरच्या दोन हिरव्या जागांचे मालक वेगळे असू शकतात. शहरातील बहुतेक उद्याने महानगरपालिकेची आहेत. विजापूर रस्त्यावरील सिद्धेश्वर वनविहार वन विभागाकडे आहे. काही मैदाने देवस्थानाशी, काही शाळा-महाविद्यालयांशी, तर काही रेल्वेशी जोडलेली आहेत. महापालिकेची परवानगी महापालिकेच्याच जमिनीवर चालते, कुंपणापलीकडच्या एका फुटावरही ती चालत नाही.

मालकी पाहण्याचा खात्रीचा कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून मिळणारी मिळकत पत्रिका. गावठाणाबाहेरची जागा असेल तर सातबारा पाहावा. दोन्ही आता महाभूमी संकेतस्थळावरही मिळतात. मात्र त्यासाठी नगर भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक माहीत असावा लागतो. तो उद्यानाच्या फलकावर सहसा नसतो. मी तो शेजारच्या घरमालकाच्या पत्रिकेवरून अंदाज बांधून आणि कार्यालयातील नकाशावर बोट ठेवून मिळवला.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय घ्यावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. प्रश्न सरळ विचारा: या उद्यानाची जमीन कोणाच्या नावे आहे, देखभाल कोणता विभाग करतो, आणि तेथे हौस म्हणून धातुशोधक यंत्र वापरण्यास परवानगी देण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला आहे. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरामुळे माझे पुढचे तीन हेलपाटे वाचले.

२. जिथे यंत्र पिशवीतून काढायचेच नाही अशा जागा

नवख्या माणसाला पहिल्यांदा भुईकोट किल्ल्याचाच मोह होतो. किल्ला शहराच्या मध्यावर आहे, जुना आहे, त्यात आणि त्याच्या बाजूला बाग आहे, त्यामुळे ती बागच आहे असे समजून माणसे आत शिरतात. हा किल्ला केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे. प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ याच्या कलम १९ नुसार संरक्षित क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कोणतेही उत्खनन करता येत नाही, आणि स्मारकाला इजा पोहोचवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खुरप्याने काढलेला वीतभर खड्डाही उत्खननच ठरू शकतो. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. हे निर्बंध मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहेत हे खरे. तरीही किल्ल्याला लागून असलेल्या हुतात्मा बागेत आणि त्या टापूत मी यंत्र सुरूच करत नाही, आणि तुम्हीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे तटबंदीच्या सावलीत माती आहे, तिथल्या मातीत काय असेल हे ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे.

राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे, त्यामुळे "केंद्राच्या यादीत नाव नाही" म्हणजे जागा मोकळी असे समजू नये. राखीव वनात माती खणण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार मनाई आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य हे तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालचे क्षेत्र आहे. तिथल्या माळरानावर यंत्र घेऊन फिरण्याचा विचारही मनात आणू नये. स्मशानभूमी, दफनभूमी, दर्गे, मंदिरांची आवारे, रेल्वेची हद्द आणि तलावांचे बांध याही जागा माझ्या दृष्टीने वर्ज्य आहेत.

होम मैदानाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण तो प्रश्न मला हमखास विचारला जातो. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तेथे भरते, लाखो पावले त्या मातीवरून जातात आणि पाळणे-दुकाने उठल्यानंतर सुटे पैसे, जोडवी, पैंजणाचे तुकडे तेथे पडलेले असणार हे उघड आहे. परंतु ही जागा श्रद्धेची आहे, होमाची आहे. लेखी परवानगीशिवाय तेथे पाऊल टाकू नका, आणि परवानगी मिळाली तरी यात्रेच्या दिवसांत जाऊ नका.

३. दहा रुपयांचा कायदा समजून घ्या

भारतीय निखात निधी अधिनियम हा १८७८ सालचा कायदा आजही लागू आहे. मातीत दडलेली कोणत्याही मूल्याची वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या आहे, आणि त्या वस्तूचे मूल्य दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर शोधणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. १८७८ मध्ये दहा रुपये ही मोठी रक्कम होती. आकडा तेव्हापासून तसाच राहिल्यामुळे आज झिजलेले एखादे जुने तांब्याचे नाणेही त्या मर्यादेत सहज येते. "हंडा सापडला तरच कळवायचे" हा समज पूर्णपणे चुकीचा आहे.

कळवताना तीन गोष्टी लिहायच्या असतात: वस्तूचे स्वरूप आणि अंदाजे मूल्य, ती सापडली ते ठिकाण, आणि सापडल्याची तारीख. त्याबरोबर वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावी लागते, किंवा मागितली जाईल तेव्हा हजर करण्याची हमी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पुढे जिल्हाधिकारी अधिसूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. ती तारीख अधिसूचनेपासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांनंतरचीही नसते. वस्तू मागच्या शंभर वर्षांत कोणी पुरून ठेवली होती असे दिसले, तर त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना दिवाणी दावा करण्याची संधी मिळते. वस्तू बेवारस ठरली आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर आपसांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. शासनाला ती वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम देऊन ते ती घेऊ शकते.

न कळवल्यास तुमचा वाटा शासनाकडे जातो, आणि गुन्हा सिद्ध झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरा कायदा १९७२ चा, पुराणवस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, शिल्पे, कोरीव लेख अशा वस्तू त्यात पुराणवस्तू म्हणून गणल्या जातात. त्या परवान्याशिवाय विकण्याचा व्यवसाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. समाजमाध्यमावर छायाचित्र टाकले की अर्ध्या तासात "किती देता?" असे निरोप येऊ लागतात; त्यांना उत्तर देऊ नका.

४. परवानगीचा अर्ज

महापालिकेच्या उद्यानासाठी अर्ज आयुक्तांच्या नावे लिहावा आणि त्याची प्रत उद्यान विभागाला द्यावी. अर्ज हातोहात देताना दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज केलाच नव्हता असे समजून चला.

अर्ज एका पानात बसावा. माझ्या पहिल्या अर्जात मी छंदाचे महत्त्व, इतिहासप्रेम वगैरे दीड पान लिहिले होते, आणि त्यामुळे नेमके काय हवे आहे हेच वाचणाऱ्याच्या हाती लागत नव्हते. दुसऱ्या अर्जात फक्त पुढील बाबी ठेवल्या आणि त्यावर निर्णय झाला:

- उद्यानाचे नाव, नगर भूमापन क्रमांक आणि उद्यानाचा नेमका भाग, म्हणजे "पूर्वेकडील हिरवळ, खेळण्यांची जागा वगळून" असा.
- तारखा आणि वेळ. "कधीही" असे लिहू नका. "अमुक महिन्यातील चार रविवार, सकाळी ७ ते १०" असे लिहा.
- यंत्राचे वर्णन, ते केवळ धातूचा संकेत देते आणि त्याने जमिनीला इजा होत नाही, हे एका वाक्यात.
- खणण्याची कमाल खोली. मी १५ सेंटिमीटर लिहिली. त्याखाली जाण्याचे कारण हौशी माणसाला नाही.
- झाडांच्या बुंध्यापासून, दिव्यांच्या खांबांपासून आणि पाण्याच्या नळांपासून दूर राहण्याची हमी.
- प्रत्येक खड्डा त्याच वेळी बुजवण्याची आणि निघालेला कचरा उचलून नेण्याची हमी.
- सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवून ती दाखवण्याची, आणि निधी किंवा पुराणवस्तू आढळल्यास काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची हमी.

ही शेवटची ओळ तुमच्या अर्जाचे वजन वाढवते. अधिकाऱ्याला खरी काळजी हीच असते की उद्या काही निघाले तर जबाबदारी कोणावर येईल. तुम्ही ती आधीच उचलता हे त्याला कागदावर दिसले पाहिजे.

परवानगी मिळाली तर तिच्यातील अटी नीट वाचा. सापडलेली प्रत्येक वस्तू महापालिकेकडे जमा करावी अशी अट असू शकते. सही करून ती मान्य केल्यावर "पण कायद्यात तीन चतुर्थांश आहे" असे म्हणून वाद घालता येणार नाही. काही वेळा परवानगी फक्त यंत्र फिरवण्याची मिळते, खणण्याची नाही. तीही घ्या. पृष्ठभागावर पडलेल्या वस्तू उचलूनही यंत्राचे आवाज ओळखायला शिकता येते, आणि चार वेळा शिस्तीने वागलेल्या माणसाचा पुढचा अर्ज वेगळ्या नजरेने पाहिला जातो. नकार आला तर तो लेखी मागा, आणि त्या उद्यानात जाऊ नका.

एक मर्यादा ध्यानात असू द्या: महापालिकेची परवानगी ही जमीनमालकाची परवानगी आहे. ती पुरातत्त्वीय उत्खननाचा परवाना होत नाही. तसा परवाना हौशी व्यक्तीला मागताच येत नाही असे समजूनच वागावे.

५. सोबत काय असावे

कागदपत्रे: परवानगीपत्राची मूळ प्रत आणि दोन छायाप्रती (एक रखवालदाराला देण्यासाठी), अर्जाची पोच, आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र, यंत्राच्या खरेदीचे बिल, आणि नोंदवही.

साहित्य: यंत्र, हेडफोन, जागा नेमकी दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर, खुरपे, मोजपट्टी, झिपच्या छोट्या पिशव्या, कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, पाण्याची बाटली आणि जुन्या चादरीचा एक तुकडा. चादर कशासाठी ते पुढे सांगतो. कुदळ, टिकाव, पहार यांपैकी काहीही बरोबर नेऊ नका. ती अवजारे हातात असलेल्या माणसाचा हेतू कोणालाही वेगळाच वाटेल.

६. प्रत्यक्ष जमिनीवर

सोलापूरची माती यंत्राची परीक्षा पाहते. आपला सगळा टापू दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्या खडकात लोहयुक्त चुंबकी खनिजे असतात, आणि त्याचीच काळी माती व मुरूम बनलेला असल्यामुळे जमीन स्वतःच यंत्राला संकेत देते. परदेशी चित्रफितीत पाहिलेली सेटिंग येथे लावली तर यंत्र पावलोपावली किणकिणत राहते. म्हणून प्रत्येक जागी गेल्यावर सर्वांत आधी भूसंतुलन करा: धातू नसलेली स्वच्छ जागा शोधून यंत्राच्या टोकाची गोल तबकडी जमिनीपासून वीतभर उंचीवरून खाली-वर करत राहा आणि यंत्र शांत होईपर्यंत संतुलनाचे बटण जुळवा. त्यानंतर संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या कमी करा. खोली थोडी घटते, पण खोट्या आवाजांमागे खणलेले दहा खड्डे वाचतात. मुरूम टाकलेल्या पायवाटेवरून हिरवळीवर आलात की संतुलन पुन्हा करावे लागते, हे नवखे विसरतात.

कोणत्या महिन्यात जायचे हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी होते आणि तिला हाताचे बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या वेळी खुरपे मारले तर हिरवळीचा गड्डा फुटून त्याचा चुरा होतो आणि ती जागा पुढच्या पावसापर्यंत बोडकी राहते. पावसाळ्यात तीच माती खुरप्याला आणि चपलेला किलो-किलोने चिकटते. जमिनीला वाफसा आलेला असतो तो काळ खरा, म्हणजे आपल्याकडे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. शेतकरी पेरणीसाठी जसा वाफसा पाहतो तसाच तुम्हीही पाहा: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी दिली तर तो फुटावा.

खणण्याची रीत अशी. पिनपॉइंटरने जागा नक्की करा. चादरीचा तुकडा शेजारी पसरा. खुरप्याने हिरवळ तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी राहू द्या आणि गड्डा मुळांसकट पुस्तकाच्या पानासारखा उलटा. खालची सैल माती चादरीवर काढा, गवतावर नाही. वस्तू मिळाली, किंवा ठरवलेल्या खोलीपर्यंत मिळाली नाही, की चादर उचलून सगळी माती परत ओता, गड्डा मिटवा, पायाने हलके दाबा आणि बाटलीतले थोडे पाणी शिंपडा. दुसऱ्या दिवशी ती जागा तुम्हालाही सापडता कामा नये.

झाडाखाली खणू नका. मुळे तुटणे ही झाडाला झालेली इजाच आहे, आणि शहरी भागातील झाडांच्या जतनासाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. उद्यानातील दिव्यांच्या तारा अनेकदा अपेक्षेपेक्षा वर असतात. लांबवर सरळ रेषेत सारखाच संकेत मिळत राहिला तर ती तार किंवा नळ आहे असे समजून तेथून निघा.

बहुतेक वेळा काय निघते? बाटल्यांची झाकणे, खिळे, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांचा वर्ख, सायकलच्या साखळीचे दुवे. शहराच्या पूर्व भागात, जिथे घरोघरी माग होते, तिथल्या एका मोकळ्या जागेत मला धोट्याची दोन लोखंडी टोके मिळाली. ती घासून गुळगुळीत झालेली होती. नाण्यांत बव्हंशी स्टेनलेस स्टीलचे पंचवीस पैसे, जे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, आणि ॲल्युमिनियमचे षट्कोनी वीस पैसे निघतात. कधी १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा हाती येतो. हे सगळे नोंदवहीत लिहा, कचराही लिहा. महिनाअखेरीस ती वही उद्यान विभागाला दाखवली की तुम्ही त्यांच्या बागेतून किती लोखंड उचलले हे त्यांना कळते.

७. जुनी वस्तू हाती आली तर

येथे मी स्वतः केले ते सविस्तर सांगतो. परवानगी असलेल्या एका उद्यानात, अकरा सेंटिमीटर खोलीवर, मला तांब्याचे एक जाड, ओबडधोबड कापलेले नाणे मिळाले. ते हिरवट काळे होते आणि कडेला माती घट्ट धरून बसली होती. अंगठ्याने ती पुसण्याचा मोह अनावर होता. मी पुसली नाही. तिरप्या उन्हात धरल्यावर "श्री राजा" ही अक्षरे उमटली आणि मागच्या बाजूला "पति" दिसले. ती शिवराई होती, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे खणणे थांबवले. नाणे होते त्याच खड्ड्याच्या कडेला, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतले. नंतर खड्ड्याचे, आणि मग वीस पावले मागे जाऊन ओळखीची खूण दिसेल असे जागेचे. भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश टिपले. वहीत तारीख, वेळ, खोली आणि मातीचे वर्णन लिहिले. आसपास खापरे, विटा किंवा चुन्याचे थर आहेत का ते फक्त डोळ्यांनी पाहिले. तसे काही असते, किंवा एकाच जागी अनेक नाणी असती, तर मी नाणे तेथेच ठेवून लगेच कळवले असते, कारण तशी जागा उघडण्याचा अधिकार मला नाही.

एवढ्या नोंदी कशासाठी, असे वाटेल. उद्यानातील माती बहुधा मूळची नसते. भराव म्हणून ती तलावाच्या गाळातून किंवा दुसऱ्या कुठून आणलेली असते. म्हणजे नाणे त्या जागेचे आहे की ट्रकमधून आलेले, हे ठरवायचे असेल तर खोली आणि मातीचा थर यांखेरीज हाती काहीच नसते. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलचा शके ९४० मधला मराठी शिलालेख आज आपल्यासाठी मोलाचा आहे तो त्याच्या जागेसह मिळाल्यामुळे. तोच दगड कोणा संग्राहकाच्या दिवाणखान्यात मिळाला असता तर त्याच्याबद्दल निम्मेच बोलता आले असते. नाण्याचेही तसेच आहे.

नाणे झिपच्या पिशवीत घातले, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी सूचना दिली. मजकूर मोजून सहा ओळींचा होता: मी कोण, परवानगीचा क्रमांक, वस्तू काय, अंदाजे मूल्य, कोठे व कधी सापडली, आणि ती जमा करण्यास मी तयार आहे. सोबत छायाचित्रे जोडली. एक प्रत उद्यान विभागाला दिली. दोन्हीकडून पोच घेतली, आणि सांगितले गेले त्याप्रमाणे नाणे जमा केले. ते माझ्याकडे नाही, त्याची छायाचित्रे आणि पोच आहे, आणि मला त्यात पूर्ण समाधान आहे.

जुने नाणे चिंचेने, लिंबाने, राखेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने कधीही घासू नका. तांब्यावरचा हिरवट काळा थर त्याचे संरक्षण करतो. तो गेला की अक्षरेही जातात.

गोल, जड, ओळखू न येणारी लोखंडी वस्तू, नळकांडे किंवा काडतूस दिसले तर हात लावू नका. लोकांना दूर करा आणि ११२ वर कळवा.

अलीकडची वस्तू, म्हणजे अंगठी, जोडवे, मंगळसूत्राची वाटी, किल्ल्या, ही कोणाची तरी हरवलेली वस्तू असते. ती स्वतःकडे ठेवणे हा अपहार होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये त्याला शिक्षा आहे. रखवालदाराकडे चौकशी करा, नोंद करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.

८. लोक, रखवालदार आणि गुप्तधनाची चर्चा

आपल्याकडे "गुप्तधन" हा शब्द साधा नाही. धन काढून देतो म्हणून पूजा, उतारे आणि त्याहून भयंकर प्रकार झालेले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुप्तधनाच्या शोधासाठी केले जाणारे अमानुष प्रकार गुन्हा ठरवले आहेत. त्यामुळे मातीत काही शोधणारा माणूस पाहून लोक घाबरतात किंवा चिडतात, तेव्हा त्यांचा राग मानू नका. अंधारात जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेचे दिवस टाळा, कारण गैरसमजाला तेवढे निमित्त पुरते. लिंबू-नारळ ठेवलेली जागा दिसली तर तिला वळसा घाला आणि रखवालदाराला सांगा. "आमच्या शेतात यंत्र फिरवून द्या, निम्मे तुमचे" असे सांगत कोणी आले तर स्पष्ट नकार द्या. मला असे तिघे भेटले, आणि तिघांनाही जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट सांगताच बोलणे संपले.

उद्यानात शिरताना आधी रखवालदाराला भेटा, परवानगीची छायाप्रत हाती द्या आणि किती वाजेपर्यंत थांबणार ते सांगा. मुले जमली तर हेडफोन काढा आणि त्यांना आवाज ऐकवा. दोन मिनिटांत कुतूहल शमते. मोठी माणसे विचारतील त्यांना काय निघाले ते पिशवी उघडून दाखवा. लपवालपवी दिसली की संशय वाढतो.

गेल्या डिसेंबरात एका उद्यानात एक आजी नातवाबरोबर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारून विचारले, "बाळ, ह्या मशीनला चांदी कळती का?" आदल्या संध्याकाळी त्यांचे एक जोडवे हिरवळीवर पडले होते. ज्या भागात त्या बसल्या होत्या तो माझ्या परवानगीतला होता, आणि जोडवे गवताच्या मुळाशी, मातीच्या वरच होते. खुरपे लावावेच लागले नाही. दहा मिनिटांत ते मिळाले. आजींनी ते तिथेच बोटात चढवले, आणि त्या दिवशी वहीत मी एवढेच लिहिले: चांदीचे जोडवे १, पृष्ठभागावर, रखवालदारासमोर मालकिणीला परत दिले.